टोपी एटीएसची, खिसा तोफखान्याचा

२१ ऑगस्ट १९४१ ला लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये ४३५ क्रमांकाची जड विमानविरोधी बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, प्रत्यक्ष कामावर रुजू झाली. तिच्या नावात क्रमांकानंतर कंसात ‘एम’ असं एक अक्षर होतं. मिक्स्ड, म्हणजे मिश्र. तोफांवर पुरुष आणि तोफांना नेम पुरवणाऱ्या यंत्रांवर स्त्रिया, अशी ब्रिटिश लष्करातली ही पहिली बॅटरी. पुरुष रॉयल आर्टिलरीचे, म्हणजे तोफखान्याचे. स्त्रिया ऑक्झिलिअरी टेरिटोरिअल सर्व्हिसच्या, म्हणजे एटीएसच्या. एकाच तळावर, एकाच पाळीत, एकाच विमानाच्या मागे लागलेली माणसं दोन वेगळ्या संघटनांच्या हजेरीपटावर होती. आणि त्यातून एक प्रश्न निघाला, जो वरवर अगदीच किरकोळ दिसतो: या स्त्रियांनी बिल्ला कोणाचा लावायचा?

किरकोळ तो नव्हता. ब्रिटिश सैनिकाची ओळख त्याच्या टोपीवरच्या बिल्ल्यापासून सुरू होते. हुद्दा बाहीवर असतो, कामाची खूण बाहीवर असते, पण ‘तू कोणाचा’ या प्रश्नाचं उत्तर टोपीवर. कोणाच्या अधिकाऱ्याला सलाम ठोकायचा, शिक्षा कोण करणार, बढती कोण देणार, मेल्यावर यादीत नाव कोणाच्या खाली येणार, हे सगळं त्या दोन बोटं रुंदीच्या पितळेत सामावलेलं असतं. त्यामुळे बिल्ल्यावरचा वाद हा दिसण्यावरचा वाद नव्हता. तो ताब्यावरचा वाद होता.

तिघांची तीन म्हणणी

या प्रकरणात कोणी खलनायक नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिन्ही बाजूंकडे रास्त कारणं होती.

पहिली बाजू एटीएसची. ही सेवा ९ सप्टेंबर १९३८ ला स्थापन झाली. तिच्या पहिल्या संचालिका डेम हेलन ग्वीन-वॉन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये स्त्रियांच्या सैन्यदलाचं नेतृत्व करून आलेल्या होत्या. स्त्रियांना लष्करात घेतलं की काय होतं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं: एक स्वयंपाकघरात, दोन कचेरीत, तीन भांडारात, आणि सगळ्या मिळून कोणाच्याच नाहीत. म्हणून एटीएसचा आग्रह होता की स्त्रियांची स्वतःची साखळी हवी, स्वतःच्या अधिकारी हव्यात, स्वतःचा बिल्ला हवा. टोपीवर राजमुकुटाखाली लॉरेलच्या पानांचं वेटोळं आणि त्यात एटीएस ही तीन अक्षरं. त्या बिल्ल्याखाली उभी असलेली मुलगी लंडनमध्ये असो वा स्कॉटलंडमध्ये, तिच्यामागे कोणीतरी आहे, असा त्याचा अर्थ. १९४१ च्या उन्हाळ्यात ग्वीन-वॉन पायउतार झाल्या आणि जीन नॉक्स आल्या, पण संघटनेची ही भूमिका काही एका व्यक्तीबरोबर गेली नाही.

दुसरी बाजू जनरल सर फ्रेडरिक पाइल यांची. विमानविरोधी तोफा, सर्चलाइट, सगळं ज्या अँटी-एअरक्राफ्ट कमांडखाली येत होतं, तिचे ते प्रमुख. १९३९ पासून युद्ध संपेपर्यंत त्याच खुर्चीवर राहिलेले. त्यांची अडचण साधी होती. तरुण पुरुष मैदानी फौजेला हवे होते आणि तोफा तर माणसांशिवाय चालत नाहीत. १९३८ मध्येच त्यांनी कॅरोलिन हॅस्लेट या विद्युत अभियंतेला एका बॅटरीवर बोलावून विचारलं होतं की यातलं काय काय स्त्रियांना जमेल. बाईंचं उत्तर थोडक्यात असं होतं की जड ओझी उचलण्याचं सोडलं तर जवळजवळ सगळं. पाइल यांना या स्त्रिया बॅटरीच्या म्हणून हव्या होत्या, पाहुण्या म्हणून नव्हेत. रात्री दोन वाजता सायरन वाजल्यावर यंत्रावर कोण उभं राहणार हे ठरवताना दुसऱ्या संघटनेची परवानगी काढत बसायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

यात कायद्याचाही एक पेच होता. एप्रिल १९४१ पर्यंत एटीएसमधल्या स्त्रिया कायद्याच्या भाषेत पूर्ण अर्थानं लष्कराच्या नव्हत्याच. नोकरी सोडून निघून गेल्या तर त्यांना अडवायला फारसा आधार नव्हता. बॅटरीतली निम्मी माणसं उद्या असतील की नाही हे सांगता येत नसेल तर ती बॅटरी उभी करण्यात अर्थ नाही. एप्रिल १९४१ च्या नियमांनी स्त्रियांच्या दलांना सशस्त्र सेनांचा दर्जा दिला आणि मगच ऑगस्टमधली रिचमंड पार्कची बॅटरी शक्य झाली.

तिसरी बाजू सरकारची, आणि तिच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या होत्या. स्त्रिया हव्या होत्या, पण स्त्रीनं तोफ डागली असं म्हणायची तयारी नव्हती. डिसेंबर १९४१ च्या कायद्यानं २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीनं भरती करता येऊ लागलं, आणि त्याच कायद्यात कलम आलं की प्राणघातक शस्त्र वापरायला कुठल्याही स्त्रीला तिच्या लेखी संमतीशिवाय लावता येणार नाही. संमती दिली तरी मिश्र बॅटरीत तोफेचा चाप स्त्रीच्या हाती जाणार नव्हता.

चर्चिल यांची धाकटी मुलगी मेरी स्वतः एटीएसमध्ये होती, पुढे हाइड पार्कातल्या मिश्र बॅटरीत. पंतप्रधानांना त्यामुळे या तळांची हालहवाल घरातूनच कळत असे. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी युद्धमंत्र्यांना एक टिपण पाठवलं. स्त्रियांचा घातक कामाशी संबंध नको हा गंड काढून टाकला पाहिजे, हा त्यातला एक मुद्दा. दुसरा मुद्दा आपल्या प्रकरणाच्या मुळाशीच जातो: एटीएस चालवणाऱ्या बायकांच्या मनात असं बसलेलं दिसतं की मुलींची निष्ठा एटीएसशीच असावी आणि बॅटरीचा अभिमान त्याच्या आड येतो, हे अजिबात खपवून घेऊ नये. टिपणाचा सूर जरा करडाच आहे. एटीएसच्या अधिकाऱ्यांनी मुलींची देखभाल पाहावी, तेच त्यांचं मुख्य क्षेत्र, असंही त्यात सुनावलेलं आहे. माझ्या मते इथे त्यांनी ग्वीन-वॉन यांच्या भीतीला पुरता न्याय दिला नाही. पण तळावर काय घडत होतं याचा त्यांचा अंदाज बरोबर होता.

तळावर काय घडत होतं

ते समजायला यंत्रापाशी जावं लागेल. विमान येतंय असं दिसलं की आधी उंची हवी. उंची मोजणारं यंत्र म्हणजे आडवी लांबच लांब नळी, मधोमध डोळे लावायच्या भिंगांची जागा. त्या भिंगांतून पाहत विमानाची प्रतिमा अचूक जुळवायची, आणि विमान सरकतंय तशी जुळवतच राहायची. ती उंची ओरडून किंवा तारेनं प्रेडिक्टरकडे जाते. प्रेडिक्टर म्हणजे छातीएवढ्या उंचीची पेटी, आत दात्यांची चाकं, बाहेर तबकड्या आणि फिरवायची हातचाकं. तिच्याभोवती मुली दाटीवाटीनं उभ्या. कोणी दुर्बिणीतून विमान डावी-उजवीकडे धरून ठेवतंय, कोणी वर-खाली, कोणी काट्यावर काटा बसवतंय. पेटी हिशेब करते की गोळा वर पोहोचेल तेव्हा विमान कुठे असेल. तो हिशेब तारेतून तोफेवरच्या तबकड्यांवर जातो. तोफेवरचे पुरुष आकाशाकडे बघतही नाहीत. तबकडीवरचा काटा सरकेल तशी तोफ फिरवतात आणि साधारण पावणेतेरा किलोचा गोळा आत ढकलतात.

म्हणजे नेम स्त्रियांचा, बार पुरुषांचा. ३.७ इंची तोफेचा गोळा कुठे फुटणार हे जिनं ठरवलं ती कागदोपत्री ‘प्रायव्हेट’, म्हणजे साधी शिपाई, शेजारी गोळा उचलणारा ‘गनर’, म्हणजे तोफची. तिचा पगार त्याच्या दोन तृतीयांश. आणि बॉम्ब पडला तर दोघांवर सारखाच. एप्रिल १९४२ मध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बॅटरीत प्रेडिक्टरवर असलेली १८ वर्षांची मुलगी बॉम्बच्या तुकड्यानं गेली. ती कोसळते आहे तोवर शेजारच्या मुलीनं तिची जागा घेतली होती.

अशा कामात माणसाचं मन कुठे गुंतणार? ज्या अधिकारी बाईंचं मुख्यालय कुठेतरी दूर आहे त्यांच्यात, की शेजारी उभ्या असलेल्या सात-आठ जणांत? प्रतिनियुक्तीवर काही वर्षं काढलेल्या कोणालाही याचं उत्तर विचारावं लागणार नाही.

तडजोड, इंचाइंचानं

शेवटी जे ठरलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाटतं. टोपीवरचा बिल्ला एटीएसचाच राहिला. त्याला कोणी हात लावला नाही. मात्र तोफखान्याबरोबर काम करणाऱ्या स्त्रियांना डाव्या छातीवर, खिशाच्या वर, रॉयल आर्टिलरीचं ग्रेनेडचं चिन्ह लावायची परवानगी मिळाली. तोफखान्याच्या टोपीवर तोफ असते. ग्रेनेड हे त्यांच्या कॉलरवरचं चिन्ह. गोल बॉम्ब, वर सात ज्वाळा, खाली ‘युबिक्वी’ लिहिलेली फीत. ज्वाळा मोजायच्या, कारण इंजिनिअर्सचं ग्रेनेडही जवळजवळ असंच दिसतं, फक्त त्याला नऊ ज्वाळा असतात. ‘युबिक्वी’ म्हणजे सर्वत्र. तोफखाना प्रत्येक लढाईत असतो, तेव्हा लढायांची वेगळी यादी कशाला, असा त्यामागचा रुबाब.

जोडीला पांढरी लॅन्यार्ड, उजव्या खांद्याभोवती घालायची विणलेली दोरी, तीही तोफखान्याची खूण. आणि बाहीवर, खांद्याच्या जरा खाली, कमांडचं चिन्ह: लाल चौकोनावर काळं धनुष्य, त्याला लावलेला बाण थेट वर. हा बाण पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या बाहीवर एकसारखा होता, त्यावर कोणाचा वाद झाला नाही. आधी वेगवेगळ्या विमानविरोधी डिव्हिजनांची आपापली चिन्हं होती. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये डिव्हिजना मोडल्या आणि मग हे धनुष्यच सगळीकडे दिसू लागलं.

आता हा गणवेश वरून खाली वाचा. टोपी सांगते की मला पगार, शिस्त आणि बढती कोण देतं. बाही सांगते की मी कोणत्या मोहिमेवर आहे. खिसा सांगतो की मी कोणाबरोबर काम करते. पुरुषाच्या गणवेशात पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच असतं, म्हणून ते दोनदा द्यावं लागत नाही. स्त्रीच्या गणवेशात ती दोन उत्तरं वेगळी होती आणि मध्ये वीतभर कापड होतं. वॉर ऑफिसमधला, म्हणजे युद्धखात्यातला, निर्णय त्या वीतभर अंतरात नेमका बसवलेला आहे: कामाचा मान द्या, सदस्यत्व देऊ नका.

ही सोय फक्त तोफखान्यापुरती नव्हती. रॉयल सिग्नल्सबरोबर काम करणाऱ्या एटीएसच्या मुली त्याच जागी सिग्नल्सचा बिल्ला लावत, ज्यावर एका पायावर तोललेला मर्क्युरी, म्हणजे रोमन देवांचा दूत, असतो. पण सिग्नल्सच्या तारेनं थेट कोणाचा जीव घेतला जात नाही. तोफखान्यात तसं नव्हतं. आणि तोफखान्याला स्वतःचा ध्वज नसतो. त्यांच्या परंपरेत तोफा हाच ध्वज. पायदळाची पलटण ध्वजाला जो मान देते तो तोफखाना तोफेला देतो. स्त्रियांना त्या तोफेपासून तीन पावलं लांब ठेवून तोफखान्याचं चिन्ह देणं, यातली विसंगती त्या काळच्या अधिकाऱ्यांना दिसली नसेल असं मला वाटत नाही. ती दिसली, आणि म्हणूनच चिन्ह टोपीवर न जाता खिशावर थांबलं.

डाव्या छातीचा घोळ

जुन्या छायाचित्रांत हे ग्रेनेड ओळखू पाहणाऱ्यांना इथे एक इशारा द्यायला हवा. पहिल्या महायुद्धापासूनच ब्रिटनमध्ये बायका, प्रेयसी, आया आपल्या माणसाच्या रेजिमेंटच्या बिल्ल्याचा छोटा ब्रोच लावत. त्याला ‘स्वीटहार्ट ब्रोच’ म्हणत. सोन्याचांदीपासून साध्या मुलाम्यापर्यंत सगळ्या ऐपतीचे ते मिळत, तोफखान्याचे तर भरपूर. आणि लावायची नेहमीची जागा कोणती? डावी छाती.

साध्या कपड्यांतल्या बाईच्या छातीवर ग्रेनेड दिसलं तर तिचा कोणीतरी तोफखान्यात आहे. एटीएसच्या गणवेशावर दिसलं तर ती स्वतः तोफखान्याबरोबर आहे. चिन्ह तेच, जागा तीच, अर्थ उलटा. हा योगायोग कोणी मुद्दाम घडवला असं म्हणायला आधार नाही. छातीच्या खिशावरची जागा लष्करी गणवेशात सोयीची आहे, एवढं कारण पुरेसं आहे. पण परिणाम चुकला नाही. खिशावरचा बिल्ला बघणाऱ्याला ‘ही त्यांच्यातलीच एक’ असं ठामपणे सांगत नाही. ‘हिचा त्यांच्याशी संबंध आहे’ इथपर्यंतच नेतो. टोपीवरचा बिल्ला असा संशय ठेवत नाही. कुटुंबाच्या अल्बममधलं छायाचित्र वाचताना म्हणून आधी टोपी पाहावी, मग बाहीवर धनुष्य आहे का ते पाहावं, आणि शेवटी खिसा. धनुष्य आणि ग्रेनेड दोन्ही असतील तर आजी विमानविरोधी बॅटरीत होती असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं.

तडजोड टिकली का

काम चाललं, असं म्हणावं लागेल. १९४३ मध्ये अँटी-एअरक्राफ्ट कमांडमध्ये ५० हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. १९४४ च्या जूनमध्ये व्ही-१ हे उडते बॉम्ब इंग्लंडवर येऊ लागले आणि जुलैच्या मध्याला पाइल यांनी तोफा लंडनभोवतालच्या पट्ट्यातून उचलून थेट दक्षिण किनाऱ्यावर नेल्या, तेव्हा मिश्र बॅटऱ्याही आपला पसारा घेऊन किनाऱ्यावर तंबूत राहायला गेल्या. त्या वर्षाच्या अखेरीस काही मिश्र बॅटऱ्या बेल्जियममध्ये पोहोचल्या. लेखी संमतीपासून सुरू झालेली गोष्ट तीन वर्षांत परदेशी आघाडीपर्यंत आली होती. टोपी मात्र होती तीच.

तडजोडीची शिवण उसवते ती एका ठिकाणी. ब्रिटिश युद्धसमाध्यांच्या शिळांवर मृत व्यक्तीच्या दलाचा एक बिल्ला कोरला जातो. एकच. शिळेला खिसा नसतो. विमानविरोधी बॅटरीत काम करताना मारल्या गेलेल्या स्त्रीच्या शिळेवर म्हणून एटीएसचं लॉरेलचं वेटोळं येतं आणि तिच्या बाजूला गेलेल्या पुरुषाच्या शिळेवर तोफ. नोंदवहीत तिच्या नावापुढे बॅटरीचा क्रमांक सापडू शकतो, पण दगडावर पाहणाऱ्याला त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध होता हे कळायला मार्ग नाही. एटीएसच्या बाजूनं बोलायचं तर त्यात अन्याय काहीच नाही: ती त्यांचीच होती, शेवटपर्यंत. बॅटरीच्या बाजूनं बोलायचं तर तीही त्यांचीच होती. जिवंत माणसाच्या अंगावर दोन्ही म्हणणी मावत होती.

दुसरीकडे हा प्रश्न कसा सुटला, किंवा उद्भवलाच नाही, हे पाहिलं की ब्रिटिश तोडग्याची घडण कळते. ब्रिटनमध्येच ‘फॅनी’ या नावानं ओळखली जाणारी, १९०७ पासून चालत आलेली स्त्रियांची जुनी संघटना होती. तिच्या चालक स्त्रिया १९३८ मध्ये एटीएसमध्ये सामील झाल्या, पण खांद्यावरची ‘फॅनी’ ही पट्टी त्यांनी सोडली नाही. म्हणजे एटीएसमध्ये राहून दुसरी ओळख मिरवता येत होती, अट एवढीच की ती दुसरी ओळखही स्त्रियांचीच असावी. याउलट सोव्हिएत संघात ५८८ वी रात्र-बॉम्बर रेजिमेंट, जिच्यात वैमानिकापासून मेकॅनिकपर्यंत स्त्रियाच होत्या, तिला फेब्रुवारी १९४३ मध्ये गार्ड्सचा दर्जा, म्हणजे पराक्रमी तुकड्यांना मिळणारा सन्मान, मिळून ती ४६ वी गार्ड्स रेजिमेंट झाली. त्या स्त्रियांनी छातीवर लावला तो गार्ड्सचा बिल्ला पुरुषांच्या गार्ड्स रेजिमेंटांत लावत तोच. तिथे प्रश्न सोपा होता, कारण रेजिमेंट पूर्ण त्यांची होती आणि वर वेगळी ‘स्त्रियांची सेवा’ अशी काही नव्हती. ब्रिटनची अडचण मिश्रपणातून आली. एकाच प्रेडिक्टरची तार जिथे पुरुषाच्या तोफेत शिरते तिथेच ती अडचण होती.

युद्धानंतर १ फेब्रुवारी १९४९ ला एटीएसच्या जागी विमेन्स रॉयल आर्मी कोअर आली. नावातून ‘ऑक्झिलिअरी’, म्हणजे ‘साहाय्यक’, गेलं आणि टोपीवर लॉरेलच्या वेटोळ्यात मागच्या पायांवर उभी राहिलेली सिंहीण आली. स्त्रिया पुन्हा सिग्नल्समध्ये, भांडारात, वाहतुकीत नेमल्या जाऊ लागल्या, टोपी पुन्हा वेगळीच. अँटी-एअरक्राफ्ट कमांड १९५५ मध्ये बंद झाली. विमेन्स रॉयल आर्मी कोअर १९९२ मध्ये मोडली, आणि तेव्हापासून ब्रिटिश लष्करातली स्त्री ज्या कोअरमध्ये काम करते त्याच कोअरचा बिल्ला टोपीवर लावते. तोफखान्यात असेल तर तोफेचा.